दया मागायची कोणाकडे?



लेकरू तापाने फणफणले की आईच्या तोंडून निघतेच, "देवा, दया कर." दीक्षा घेतली तरी जुनी सवय एका दिवसात जात नाही. काही घरांत देव्हाऱ्याच्या जागी बुद्धांची तसबीर येते, पण नवस तोच राहतो. म्हणून हा पाठ.

सेमाडोहच्या माणसाला सिपना नदी सांगायला नको. पावसाळ्यात ती दुथडी भरली असता काठावर हात जोडून "पैलतीरा, इकडे ये" म्हटले, तर तो येईल काय? हाच दाखला भगवंतांनी अचिरवती नदीची उपमा देऊन वासेट्ठ व भारद्वाज या तरुणांना दिला. तो दीघनिकायाच्या तेविज्ज सुत्तात आहे.

मग बौद्धाने रडू नये काय? अवश्य रडावे. जुलै १९२६ मध्ये बाबासाहेबांचा धाकटा मुलगा राजरत्न वारला. त्याच्यासह चार अपत्ये त्यांनी मातीआड केली होती. १६ ऑगस्ट १९२६ च्या पत्रात त्यांनी दत्तोबा पवारांजवळ आपले दुःख मोकळे केले. आणि २० मार्च १९२७ रोजी हजारोंसह ते महाडच्या चवदार तळ्यावर गेले.

आता १४ ऑक्टोबर १९५६ ची तेरावी प्रतिज्ञा आठवा. ती प्राणिमात्रांवर दया करण्याची आहे. दया मागू, असे आपण कबूल केलेले नाही. दया करू, असे कबूल केले आहे. अतिसाराने घाणीत पडलेला एकटा भिक्खू दिसला, तेव्हा भगवंतांनी पाणी मागविले, स्वतः त्याच्या अंगावर ओतले आणि आनंदासह त्याला उचलून खाटेवर निजविले. आजाऱ्याची सेवा तीच माझी सेवा, असे त्यांनी संघाला शिकविले.

आपण काय करावे? लेकराचे पोट फुगले तर तापल्या विळ्याचे डाग देऊ देऊ नका. १०८ ची गाडी बोलवा, दवाखाना गाठा. नवसाचे पैसे गाडीभाड्याला ठेवा. शेजाऱ्याने सोबत जावे. मागे राहिलेल्यांची चूल दुसऱ्याने पेटवावी.

औषधपाणी करूनही लेकरू हातचे गेले, तर त्या आईला "मागल्या जन्मीचे भोग" असे कोणी म्हणू नये. सायंकाळी तिच्या घरी बसा, त्रिशरण-पंचशील म्हणा. त्यात मागणे काही नाही. मन सावरण्यास आधार आहे. नंतर तिला दोन घास खाऊ घालूनच उठा.