दुर्बिणीची तपासणी : गुंगीचं इंजेक्शन घ्यायचं की नाही?



या वेळचा आरोग्याचा पाठ थोडा लाजेचा वाटेल. पण दोन वेगवेगळ्या गटांच्या बैठकीनंतर दोघींनी मला बाजूला घेऊन एकच प्रश्न विचारला, "आतड्याची दुर्बीण करायला सांगितलीय. भूल घेऊ का नको?" घरात विचारायची दोघींनाही लाज वाटत होती. त्यांची परवानगी घेऊन, नावं न सांगता लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. डॉक्टरांनी आणि सिस्टरनी जे समजावलं, तेच सोपं करून सांगते.

तपासणी कशाची?

कोलोनोस्कोपी म्हणजे मोठ्या आतड्याची तपासणी. बोटाएवढी जाड, लवचिक नळी शौचाच्या जागेतून आत घालतात. तिच्या टोकाला कॅमेरा असतो. मोठं आतडं साधारण पाच फूट लांब असतं. नळी पुढे सरकावी म्हणून आत हवा भरतात. बहुतेक वेळा अर्ध्या-पाऊण तासात काम होतं.

शौचातून रक्त जात असेल, अंगातलं रक्त विनाकारण कमी होत असेल, शौचाची सवय अचानक बदलली असेल, तर डॉक्टर ही तपासणी सांगतात. आपण मात्र रक्त दिसलं की "मूळव्याध असेल" म्हणून वर्ष घालवतो. आतड्यात पॉलिप म्हणजे लहान मांसल गाठ सापडली, तर बहुतेकदा ती त्याच वेळी काढता येते. काही गाठींचा पुढे काही वर्षांनी कॅन्सर होऊ शकतो. म्हणून तपासणी टाळू नका. ती कशी करायची, एवढंच ठरवायचं आहे.

दुखतं का?

गाठ काढताना किंवा तुकडा घेताना सहसा दुखत नाही. दुखतं ते आतड्यावर ताण पडल्यामुळे, म्हणजे हवा भरताना आणि नळी वळणावरून जाताना. गॅस धरल्यासारख्या कळा येतात. कुणाला थोड्या, कुणाला जास्त. अंगाने बारीक असलेल्या, पिशवी काढलेल्या किंवा पोटाचं ऑपरेशन झालेल्या बाईला जास्त त्रास होऊ शकतो. आपल्या गटांत पिशवी काढलेल्या किती जणी आहेत, हे तुम्हाला माहीतच आहे. ही गोष्ट डॉक्टरांना आपणहून सांगायची.

तीन वाटा

१. काही न घेता : पूर्ण जागं राहून तपासणी. कळा सोसाव्या लागतात. पण बोलता येतं, "थांबा" म्हणता येतं आणि नंतर एकटीने घरी जाता येतं.

२. हलकी गुंगी : शिरेतून औषध देतात. झोप आल्यासारखं होतं, दुखणं कमी होतं, हाक मारली तर ओ देता येते. नंतर बरंच आठवत नाही.

३. खोल गुंगी : यात झोपच लागते. सहसा भूलतज्ज्ञ हजर असतात आणि खर्च वाढतो.

गुंगीमुळे कधी कधी श्वास मंदावतो, बीपी उतरतं. म्हणून बोटाला यंत्र लावून सतत लक्ष ठेवतात. दमा, हृदयाचा आजार, झोपेत जोरात घोरणं, औषधाची अॅलर्जी, दिवस गेलेले असणं, तंबाखू-मिश्री, काहीही लपवू नका.

गुंगी घेतली तर सोबत माणूस लागतंच. पुढचे २४ तास गाडी चालवायची नाही, यंत्र चालवायचं नाही, आणि ताईंनो, कर्जाच्या किंवा जमिनीच्या कागदावर सही-अंगठा करायचा नाही.

दोघींनी काय ठरवलं?

पहिल्या मावशी पंचावन्नच्या, अंगाने बारीक, पिशवी काढलेली. म्हणाल्या, "मला नको गुंगी. झोपले आणि उठलेच नाही तर?" बोलता बोलता खरं कारण निघालं. सोबत यायला कुणी नव्हतं. मुलगा बाहेरगावी, सुनेचं बाळ लहान. म्हणजे तो त्यांचा निर्णय नव्हता, ती अडचण होती. गटातली एक ताई सोबत गेली आणि तिच्या कांद्याच्या लागणीला दोघींनी सावड केली. मावशींनी डॉक्टरांना उठण्याबद्दलची भीती बोलून दाखवली, उत्तर ऐकलं आणि हलकी गुंगी घेतली. एक गाठ निघाली. रिपोर्टमध्ये कॅन्सर नव्हता. डॉक्टर नंतर काय बोलले ते मावशींना काहीच आठवेना, पण सोबतच्या ताईने ऐकून लिहून घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी बँकेत सह्या होत्या, त्या अध्यक्षांनी दोन दिवस पुढे ढकलल्या.

दुसऱ्या ताईंची पिठाची गिरणी आहे आणि त्यांना दमा आहे. त्यांनी डॉक्टरांशी बोलून गुंगी नको म्हटलं, पण गरज पडली तर देता यावी म्हणून शिरेत सुई लावून ठेवायला सांगितली. वळणावर कळ आली तेव्हा त्यांनी थांबायला सांगितलं. सिस्टरनी पोट दाबून धरलं, कूस बदलायला लावली. "दुखलं, खोटं कशाला सांगू? पण सोसण्यासारखं होतं." संध्याकाळी गिरणी सुरू होती.

दोघींचे निर्णय वेगळे, पण दोन्ही बरोबर. कारण दोघींनी आधी विचारलं होतं.

तयारी सगळ्यांना सारखीच

आतडं साफ करायचं औषध पाण्यात घालून प्यावं लागतं आणि बरेच जुलाब होतात. खूप जणींना तपासणीपेक्षा हेच जड जातं. शौचालय जवळ हवं. लोहाच्या गोळ्यांनी शौच काळं, चिकट होतं आणि नीट दिसत नाही. त्यामुळे त्या काही दिवस आधी बंद करायला सांगतात. शुगरच्या किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न

– माझ्या तब्येतीला कोणती वाट बरी?
– मध्येच सहन झालं नाही तर गुंगी देता येईल का?
– गुंगीचे पैसे वेगळे का? योजनेत बसतं का? (योजनेच्या दवाखान्यात आरोग्यमित्राला विचारा.)
– शेवटचं पाणी कधी प्यायचं?
– खोलीत बाई सिस्टर असेल का?

संमतीपत्र वाचून, नाहीतर वाचून घेऊनच सही करा. घरी आल्यावर गॅस होतो, तो लाज न धरता सोडा. पोटात जोरात दुखलं, ताप आला किंवा जास्त रक्त गेलं, तर रात्र असली तरी लगेच दवाखाना गाठा.

बैठकीत बोलूया

१. आपल्या गटात कुणी दवाखान्याची तपासणी फक्त सोबत नाही म्हणून टाळली आहे का?
२. अशा वेळी सोबत कोण जाईल आणि तिच्या कामाची सावड कोण करेल, हे आजच ठरवता येईल का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ठरावाच्या वहीत लिहा. पुढच्या भेटीत मी वही बघायला मागणार आहे!