मागचा गडी

थळच्या पुळणीवर ओहोटी लागली, की पोरं चेंडू घेऊन धावतात. दोन चपला इकडे, दोन चपला तिकडे, झाला गोल. ज्यानं गोल केला त्याला सगळे खांद्यावर घेतात. पण मागं उभं राहून ज्यानं चार वेळा गोल वाचवला, त्याचं नाव कुणी घेतं का?

आज आपण अशाच एका मागच्या गड्याची गोष्ट वाचू. त्यांचं नाव महेश गवळी.

बचाव म्हणजे काय?

फुटबॉलच्या खेळात एका बाजूला 11 गडी असतात. खेळ 90 मिनिटांचा. गोलाची चौकट 24 फूट रुंद आणि 8 फूट उंच असते. खेळ चालू असताना चेंडूला हात लावण्याची मुभा एकट्या गोलरक्षकाला, आणि तीही आपल्या गोलाजवळच. गोलरक्षकाच्या पुढं जे गडी उभे असतात त्यांना बचावपटू म्हणतात.

आपल्याला कबड्डी ठाऊक आहे. चढाई करणारा टाळ्या घेतो. पण कोपऱ्यातल्या गड्यानं पकड केली नाही, तर सामना जातो. फुटबॉलचा बचावपटू हा त्या कोपऱ्यातल्या गड्यासारखा समजा.

आपल्या समोरच्या खांदेरीकडेच बघा ना. 1679 साली शिवाजी महाराजांनी त्या बेटावर किल्ला बांधायला घेतला. मुंबईच्या इंग्रजांनी अडवून पाहिलं. जंजिऱ्याचा सिद्दीही चालून आला. पण मायनाक भंडारी आणि त्यांचे सोबती जागा सोडून हलले नाहीत. म्हणून खांदेरी स्वराज्यात राहिली. जागा धरून ठेवणं हाही पराक्रमच आहे.

गोव्याचा खेळाडू

महेश गवळी हे गोव्याचे. त्यांचा जन्म 1980 सालचा. गोव्यात गावोगावी फुटबॉल खेळतात, जसे आपल्या रायगडात कबड्डी. पुढं ते मोठ्या क्लबांकडून खेळू लागले.

2003 साली ते कोलकात्याच्या ईस्ट बंगाल संघात होते. त्या वर्षी हा संघ इंडोनेशियात जकार्ताला गेला आणि आशियातल्या नावाजलेल्या क्लबांना हरवून चषक घेऊन आला. नंतर ते गोव्याच्या डेंपो क्लबात आले. डेंपोनं 2007-08, 2009-10 आणि 2011-12 या हंगामांत देशाची लीग जिंकली.

भारताच्या संघातही ते बचावाला असत. 2007 साली दिल्लीत नेहरू चषकाचा शेवटचा सामना सीरियाशी झाला. भारतानं तो 1-0 असा जिंकला. नीट विचार करा. एकच गोल करून सामना कधी जिंकता येतो? मागच्या गड्यांनी एकही गोल होऊ दिला नाही, तरच. महेश गवळी त्या संघात होते.

पाय थांबले, विद्या थांबली नाही

खेळाडूचं वय लवकर संपतं. तीस-पस्तिशी उलटली की पाय पूर्वीसारखे धावत नाहीत. मग काय करायचं? ‘आमच्या वेळी असं होतं’ म्हणत पारावर बसायचं? गवळींनी तसं केलं नाही. ते प्रशिक्षक झाले. स्वतःला येतं ते दुसऱ्याला शिकवायचं काम त्यांनी घेतलं. पुढं ते भारताच्या संघाचे सहायक प्रशिक्षक झाले. मुख्य प्रशिक्षक होते क्रोएशिया देशाचे इगोर स्टिमॅक. तेही पूर्वी बचावपटूच.

सुकाणू हाती आलं

2023 साली बंगळुरूला दक्षिण आशियाई देशांची स्पर्धा झाली. पहिला सामना पाकिस्तानशी. तो भारतानं 4-0 असा जिंकला. पण सामना चालू असताना स्टिमॅक यांनी समोरच्या गड्याच्या हातातल्या चेंडूला हात घातला. पंचांनी त्यांना लाल पत्र दाखवलं. लाल पत्र म्हणजे मैदानाबाहेर जा. पुढच्या सामन्यालाही त्यांना बंदी झाली. कुवेतविरुद्धच्या सामन्यात त्यांना पुन्हा लाल पत्र मिळालं. आता उपांत्य सामना आणि अंतिम सामना, दोन्हींना ते संघाजवळ नव्हते.

भर समुद्रात तांडेल आजारी पडला, तर होडी थांबते का? जाणता खलाशी उठतो आणि सुकाणू धरतो. गवळींनी तेच केलं.

उपांत्य सामन्यात लेबनॉनशी गाठ पडली. 120 मिनिटं खेळ झाला, पण गोल कुणाचाच झाला नाही. मग पेनल्टी मारायच्या ठरल्या. म्हणजे 36 फुटांवरून एकट्यानं चेंडू मारायचा, समोर फक्त गोलरक्षक. भारत 4-2 असा जिंकला.

4 जुलैला अंतिम सामना. समोर पुन्हा कुवेत. कुवेतनं आधी गोल केला. भारताच्या छांगते यानं तो फेडला. पुन्हा 120 मिनिटं, पुन्हा बरोबरी, पुन्हा पेनल्टी. दोन्हीकडचे चार-चार गोल झाले. सहाव्या फेरीत भारताच्या महेश सिंगनं चेंडू आत घातला. कुवेतच्या कप्तानाचा चेंडू गोलरक्षक गुरप्रीत सिंग यानं झेप घेऊन अडवला. भारत 5-4 असा जिंकला.

त्या दिवशी गवळी मैदानात धावले नाहीत. चेंडूला त्यांचा पाय लागला नाही. ते कडेला उभे होते, पूर्वी गोलापुढं उभे असत तसेच.

आपण काय घ्यायचं?

वाचकहो, आपल्यापैकी पुष्कळांना एखादी विद्या येते. कुणाला जाळं विणता येतं, कुणाला होडी सांधता येते, कुणाला भाताची पेरणी कळते. हात थकले की ती विद्या आपल्याबरोबर जाऊ द्यायची, की पोरासोरांच्या हाती द्यायची? आता आपण अक्षरंही शिकलो. ज्याला चार ओळी वाचता येतात, त्यानं शेजारच्याला दोन ओळी शिकवाव्यात. आम्हांला वाटतं, हेही प्रशिक्षकाचंच काम आहे.

शब्द शिका

बचावपटू : गोल वाचवणारा गडी.
प्रशिक्षक : खेळ शिकवणारा गुरू.
उपांत्य : शेवटच्या आधीचा.

सांगा पाहू

1. खांदेरीची गोष्ट या पाठात का आली आहे?
2. स्टिमॅक यांना बाहेर का जावं लागलं? रागाच्या भरात आपलंही असं कधी नुकसान झालं आहे का?
3. तुम्हांला कोणती विद्या येते? ती तुम्ही कोणाला शिकवाल? त्याचं नाव पाटीवर लिहा.