शेतमजुराचा अपघात आणि शेतमालकाची जबाबदारी

शेतीची कामे एके काळी माणसांच्या आणि बैलांच्या बळावर चालत. आता ट्रॅक्टर, मळणी यंत्र आणि फवारणी पंप लहान शेतकऱ्याच्या बांधापर्यंत पोहोचले आहेत. यंत्रांबरोबर आणि औषधांबरोबर अपघाताचे भयही आले आहे. २०१७ च्या खरीप हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. अशा प्रसंगी मजुराच्या कुटुंबाला भरपाई कोणी द्यावयाची, हे प्रत्येक शेतमालकाने जाणून घेणे अगत्याचे आहे.

कायदा काय सांगतो?

कामावर असताना व कामामुळे झालेल्या अपघाताची भरपाई मालकाने द्यावी, हे तत्त्व १९२३ च्या कायद्याने मान्य केले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून ही तरतूद सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये समाविष्ट झाली आहे. शेतीतील सर्वच कामे तिच्या कक्षेत येत नाहीत. परंतु ट्रॅक्टर अथवा वीज व इंधनावर चालणाऱ्या यंत्रांनी केली जाणारी शेती, तसेच कीटकनाशकांची फवारणी यांचा तीत स्पष्ट उल्लेख आहे. मालकाची चूक होती किंवा नाही, हा प्रश्न येथे गौण ठरतो. मालकाची जमीन दोन एकर आहे म्हणून त्याची जबाबदारी कमी होत नाही.

रक्कम किती?

मृत्यू झाल्यास मासिक वेतनाच्या निम्म्या रकमेस वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणले जाते. मजुराचे वय ४० वर्षे व वेतन दरमहा १०,००० रुपये असल्यास ५,००० गुणिले १८४.१७ म्हणजे ९,२०,८५० रुपये भरपाई होते. एवढ्या रकमेसाठी लहान शेतकऱ्यास जमीन विकण्याची पाळी येऊ शकते.

दोन गैरसमज

गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून मृत्यूनंतर २ लाख रुपये मिळतात. पण ते खातेदार शेतकरी व त्याच्या कुटुंबातील एका सदस्यासाठी असतात, मजुरासाठी नव्हेत. दुसरे असे की, गावात आपसात मिटवून मृताच्या वारसांच्या हाती दिलेली रक्कम कायद्याच्या दृष्टीने भरपाई ठरत नाही. ती सक्षम प्राधिकाऱ्याकडेच जमा करावी लागते. विलंब झाल्यास १२ टक्के व्याजाचा भार पडतो.

उपाय विम्याचा

सर्वसाधारण विमा कंपन्यांकडून कर्मचारी भरपाईची पॉलिसी घेता येते. कामाचे स्वरूप व वेतनाची एकूण रक्कम यांवर तिचा हप्ता ठरतो. पॉलिसीत फवारणी व यंत्रावरील काम यांची नोंद आहे ना, हे तपासून घ्यावे. ट्रॅक्टरच्या विम्यात चालकाची जोखीम धरलेली असते. मात्र मडगार्डवर बसविलेल्या मजुरास अपघात झाल्यास कंपनी जबाबदारी नाकारू शकते.

मजुरांची नावे, वय व मजुरी यांची साधी वही ठेवल्यास पुढे वाद उद्‌भवत नाहीत. ग्रामपंचायत सदस्यांनी व शिक्षकांनी फवारणीच्या हंगामापूर्वी ग्रामसभेत हा विषय मांडल्यास मजुराच्या कुटुंबास आधार मिळेल आणि शेतकऱ्याची जमीनही त्याच्या हाती राहील.