रोगजंतूंची ओळख : विजेच्या साहाय्याने

लघवीला जळजळ आणि थंडी वाजून ताप अशी तक्रार असली की डॉक्टर लघवीची 'कल्चर' तपासणी सांगतात. प्रयोगशाळेत नमुना पोषक द्रव्याच्या बशीवर पसरून १८ ते २४ तास उबेत ठेवतात. जंतू वाढले की त्यांची जात ठरते. त्यांच्यावर कोणते औषध चालेल हे कळण्यास बहुधा आणखी एक दिवस जातो. तोवर रुग्णाला औषधाविना ठेवता येत नाही, म्हणून प्रतिजैविक अंदाजाने द्यावे लागते. अंदाज चुकला तर आजार बळावतो. शिवाय प्रतिजैविकांच्या अनाठायी वापराने जंतू औषधाला दाद देईनासे होतात. अशा जंतूंमुळे २०१९ साली जगात सुमारे १२.७ लाख मृत्यू झाल्याचा अंदाज आहे.

हा वेळ वाचविण्यासाठी विद्युत-रासायनिक जैवसंवेदकांवर संशोधन चालू आहे. नाव अवघड असले तरी वस्तू ओळखीची आहे. मधुमेही व्यक्ती घरी साखर तपासण्यासाठी ज्या पट्टीवर रक्ताचा थेंब ठेवते, ती याच जातीची. ही कल्पना अमेरिकेत लेलँड क्लार्क व चॅम्प लायन्स यांनी १९६२ साली मांडली.

अशा संवेदकाचे दोन भाग असतात. पहिला ओळख पटवितो, दुसरा म्हणजे इलेक्ट्रोड ती ओळख विजेच्या भाषेत सांगतो. लघवीच्या संसर्गात नेहमी आढळणाऱ्या ई. कोलाय जंतूचे उदाहरण घेऊ. त्याच्याजवळ बीटा-गॅलॅक्टोसिडेज हे विकर असते. नमुन्यात विशिष्ट रसायन मिसळले की विकर त्याचे तुकडे करते. सुटलेला तुकडा इलेक्ट्रोडला इलेक्ट्रॉन देतो व सूक्ष्म विद्युतप्रवाह वाहतो. जंतू जितके अधिक, तितका प्रवाह अधिक. मात्र हे विकर इतर काही जंतूंतही असते. म्हणून नेमकी जात ओळखण्यासाठी प्रतिपिंडे किंवा डीएनएचे तुकडे वापरतात.

अडचणी आहेतच. लघवीच्या संसर्गात एका मिलिलिटरमध्ये लाखभर जंतू सापडू शकतात. रक्तातील संसर्गात मात्र ते अनेकदा दहासुद्धा नसतात, मग एका थेंबात काय सापडणार? रक्तातील प्रथिनेही इलेक्ट्रोडला चिकटतात. त्यामुळे कल्चरची गरज संपलेली नाही.

विद्यार्थी मित्रांनो, ती तपासणी नीट व्हावी हे आपल्याही हाती आहे. नमुना शक्यतो प्रतिजैविकाच्या पहिल्या गोळीआधी, स्वच्छ बाटलीत, मधल्या धारेचा द्यावा. अहवाल आला की डॉक्टरांना दाखवावा. घरात उरलेली गोळी मनाने घेऊ नये व दुसऱ्यालाही देऊ नये.