पिंपळीचा मळा आणि प्लेटमधल्या पेशी

माझं माहेर अंजनगाव सुर्जी. पानमळ्याला लागून आमची पानपिंपळी होती, भावाकडे अजूनही थोडी आहे. पांगाऱ्यावर चढवलेले वेल, भर उन्हाळ्यातही तिथं असणारा गारवा, आणि चोरून चघळलेल्या हिरव्या पिंपळीनं जिभेला सुटणारी चुणचुण हे माझं वनस्पतिशास्त्राचं पहिलं प्रात्यक्षिक. पुढं अमरावतीत शिकले, तिथंच शिकवलं. झाडातली रसायनं वेगळी करायची, ती पेशींवर घालून काय होतं ते पाहायचं, यात तीस वर्षं गेली. आता निवृत्त होऊन अकोल्याला लेकीकडे असते. ‘एपिजेनेटिक्स’ हा शब्द व्हॉट्सअ‍ॅपवर फिरायला लागल्यापासून ओळखीचे लोक पुड्या आणि बाटल्या घेऊन येतात आणि विचारतात, मॅडम, हे घेऊ का? त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. थोडं माझ्या जुन्या विद्यार्थ्यांसाठीही.

1. आधी झाड ओळखा, रसायन मग.

माझ्या एका विद्यार्थिनीनं शंखपुष्पीवर आठ महिने काम केलं. अर्क काढले, आलेख काढले, सगळं देखणं. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी एकच प्रश्न विचारला, “हर्बेरियम शीट कुठंय?” शीट म्हणजे ओळख पटवून कागदावर चिकटवलेली वाळवलेली फांदी. ती नव्हती. आम्ही बाजारातली वाळकी काडी आणली होती. शंखपुष्पी या नावानं एकाहून जास्त झाडं विकली जातात. कुणी खरी शंखपुष्पी देतं, कुणी विष्णुक्रांता, कुणी चक्क गोकर्ण. आमच्या पुडीत काय होतं ते आजही सांगता येणार नाही. चूक तिची नव्हती, माझी होती. अकोल्यात डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचं नागार्जुन वनौषधी उद्यान आहे. फुलासकट फांदी नेऊन तिथं ताडून पाहणं हे एका दुपारचं काम होतं. ती एक दुपार वाचवण्यापायी पोरीचे आठ महिने गेले.

2. प्लेटमध्ये पेशी मारणं सोपं आहे.

एका संध्याकाळी आमच्या अर्कानं कर्करोगाच्या पेशी पटापट मेल्या. मी गांधी चौकातून पेढे आणवले. दुसऱ्या दिवशी कंट्रोलची प्लेट मोजली. तिच्यात अर्क नव्हता, अर्क विरघळवायला वापरतो तो नुसता डीएमएसओ होता. त्याही पेशी मेल्या होत्या. द्रावक जास्त पडला होता, एवढंच. पेढे खाणाऱ्यांपैकी कुणी मला पुढं काही बोललं नाही, पण आमच्या विभागात ‘पेढेवाला रिझल्ट’ हा वाक्प्रचार रूढ झाला. साबणानंही पेशी मरतात, दारूनंही मरतात. प्रश्न असतो किती मात्रेला मरतात, शेजारची निरोगी पेशी जगते का, आणि तेवढी मात्रा माणसाच्या रक्तात कधी पोचेल का.

3. एपिजेनेटिक्स समजून घ्यायचं तर जिनिंगमध्ये जा.

वर्गात मी हिस्टोन शिकवायचे तेव्हा पोरं फळ्याकडं मख्खपणे बघत. मग एकदा बडनेरा रोडच्या एका जिनिंगमध्ये घेऊन गेले. तिथं कापसाची दाबलेली गाठ असते, सुमारे 170 किलोची, पट्ट्यांनी आवळलेली. त्या गाठीत बोट शिरत नाही, मग सूत काय निघणार? पट्टी कापली की तोच कापूस फुगतो आणि कातता येतो. कापूस बदललेला नसतो, पट्टी तेवढी सुटलेली असते.

पेशीतही असंच आहे. प्रत्येक पेशीत सुमारे दोन मीटर लांबीचा डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो. हिस्टोनवर अ‍ॅसिटिलची खूण बसली की गुंडाळी सैल होते आणि तिथलं जीन वाचलं जातं. खूण निघाली की गुंडाळी आवळते. खुद्द डीएनएवर मिथाइलचे ठिपके बसतात, तिथली जीन्स सहसा गप्प राहतात. अक्षरं तीच, पण कोणतं पान उघडं राहायचं ते या खुणा ठरवतात, हेच एपिजेनेटिक्स. म्हणूनच डोळ्याची पेशी आणि यकृताची पेशी एकाच पोथीवर चालूनही वेगळी कामं करतात.

आपल्या झाडांचा इथं खरोखर संबंध आहे. बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात तपस कुंडू यांच्या प्रयोगशाळेनं 2003-04 मध्ये दाखवलं की काजूच्या टरफलातलं अ‍ॅनाकार्डिक आम्ल, कोकमातलं गार्सिनॉल आणि हळदीतलं कर्क्युमिन अ‍ॅसिटिलची खूण लावणाऱ्या एंझाइमांना अडवतात. मी ते पेपर वाचले तेव्हा पहिल्यांदा आठवला बिब्बा. तो काजूचाच भाऊबंद. लहानपणी माझ्या हातावर उतला होता, त्याचा डाग अजून आहे.

पण एंझाइम अडवणं वेगळं आणि रोग बरा करणं वेगळं. या खुणांवर काम करणारं औषध दवाखान्यात पोचलंय, नाही असं नाही. रक्ताच्या मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोम या आजारावर अ‍ॅझासिटिडिनला अमेरिकेत 2004 साली मान्यता मिळाली. ते मिथाइलच्या ठिपक्यांवर काम करतं. ते कुठल्या जडीबुटीतून आलेलं नाही, प्रागच्या रसायनशास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत बनवलेलं आहे.

4. हळद पोटातून पुढं फारशी जात नाही.

शंभर ग्रॅम हळदीत कर्क्युमिन असतं साधारण 3 ग्रॅम. 1998 साली बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजात निरोगी माणसांना शुद्ध कर्क्युमिन 2 ग्रॅम दिलं, तर रक्तात ते जेमतेम सापडलं किंवा सापडलंच नाही. सोबत 20 मिलिग्रॅम पिपेरिन दिलं तेव्हा प्रमाण वीसपट वाढलं. पिपेरिन म्हणजे मिऱ्यातला आणि आमच्या पिंपळीतला तिखटपणा. हे वाचून मला माहेरचा अभिमान वाटला, खोटं कशाला सांगू.

मात्र हे वीसपट होतं कसं, तेही पाहायला हवं. बाहेरची रसायनं मोडून टाकण्याचं यकृताचं काम पिपेरिन मंदावतं. म्हणजे कर्क्युमिनच नव्हे, फिटवरचं फेनिटॉइन किंवा बीपीवरचं प्रोप्रॅनोलॉलही रक्तात वाढू शकतं. हळद-मिऱ्याच्या कॅप्सूल घेणाऱ्यांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी इटलीत आणि अमेरिकेत झाल्या आहेत. वरणातल्या चिमूटभर हळदीला यातलं काही लागू नाही. ती खुशाल खा.

5. पेपर वाचून थांबू नका, त्याचं पुढं काय झालं तेही बघा.

2011 साली ‘नेचर’मध्ये बॉस्टनच्या संशोधकांचा पेपर आला. पिंपळीतलं पायपरलाँग्युमिन कर्करोगाच्या पेशी मारतं आणि निरोगी पेशींना सोडून देतं, असा त्यात दावा होता. ‘नेचर’! आणि आमची पिंपळी! मी प्रिंट काढून अंजनगावला नेली. बाबा ओसरीवर पिंपळी निवडत बसले होते, काळी वाळलेली एकीकडं, काडी-कचरा एकीकडं. मी अर्धा तास समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “भाव वाढन का वं यानं?”

पुढची काही वर्षं माझ्याकडं येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला पिंपळीच हवी असायची. दोघांना मी तो विषय दिलाही. मग पेपरातल्या आकृत्यांबद्दल शंका निघाल्या, दुरुस्त्या छापून आल्या, आणि 2018 साली पेपर मागं घेतला गेला. तोवर त्याचा संदर्भ देणारे पेपर ढीगभर झाले होते. त्यात एक आमचाही. त्या रेणूवर आजही काम चालू आहे, त्यात दम नाही असं मी म्हणत नाही. पण ज्या पायरीवर आम्ही उभे होतो ती काढून घेतली गेली होती आणि आम्हाला ते कळलं दीड वर्षानं. भाव वाढला नाही तो नाहीच.

6. वनस्पतीतलं म्हणजे निरुपद्रवी, हे वऱ्हाडानं तरी म्हणू नये.

आपल्या सरकीत गॉसिपॉल असतं. चीनमध्ये कच्चं सरकीचं तेल खाणाऱ्या गावांत मुलं होईनात, तेव्हा ते ध्यानात आलं. मग 1970च्या दशकात तिथं पुरुषांसाठीची गर्भनिरोधक गोळी म्हणून गॉसिपॉल हजारो पुरुषांना देऊन पाहिलं. काहींचं रक्तातलं पोटॅशियम घसरलं, काहींचं वंध्यत्व कायमचं राहिलं, आणि तो नाद सोडावा लागला. मोठ्या म्हशीला सरकीची ढेप चालते, कारण तिच्या पोटात गॉसिपॉल बांधलं जातं. लहान वासराला ती देत नाहीत, हे आमच्या गड्याला कुठल्याही पेपरावाचून माहीत होतं.

7. एपिजेनेटिक्सचा सगळ्यात पक्का पुरावा जडीबुटीचा नाही, आईच्या ताटाचा आहे.

हे मी उशिरा मान्य केलं, कारण माझं आयुष्य झाडांत गेलं. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकारी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आया आणि त्यांची मुलं यांचा अभ्यास करत आले आहेत. तिथली नवजात बाळं सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची साडेतीन किलोची. आपली बाळं दिसायला किरकोळ, पण अंगातली चरबी त्या मानानं टिकून. निम्म्याहून अधिक आयांना बी-12 कमी होतं. ज्यांच्यात बी-12 कमी आणि फोलेट जास्त, त्यांच्या मुलांचं शरीर सहाव्या वर्षीच इन्शुलिनला कमी दाद देऊ लागलं होतं. आणि बी-12 झाडात नसतं. ते दूध, दही, अंडी, मांस यांत असतं. मिथाइलचे ठिपके ज्या रासायनिक साखळीतून येतात, तिच्यात बी-12 आणि फोलेट दोन्ही लागतात.

हॉलंडमध्ये 1944-45 च्या हिवाळ्यात उपासमार झाली. त्या काळात गर्भ राहिलेल्या मुलांच्या एका जीनवर साठ वर्षांनंतरही मिथाइलच्या खुणा भावंडांपेक्षा कमी आढळल्या. फरक छोटा आहे, आणि आजार त्यामुळंच होतो हे त्यातून सिद्ध होत नाही. तरी मेळघाटातल्या धारणी-चिखलदऱ्याच्या कुपोषणाच्या बातम्या वाचताना मला आता वेगळंच दिसतं. तिथल्या गरोदर बाईच्या ताटात आज काय आहे, हा आजच्या बाळंतपणापुरता प्रश्न उरत नाही.

8. बोलताना जपून.

एका दैनिकाच्या प्रतिनिधीला मी पिंपळीबद्दल दहा मिनिटं सांगितलं. छापून आलं ते ‘कर्करोगावर रामबाण’. त्याच आठवड्यात दर्यापूरहून एका मुलाचा फोन आला. आईची केमो चालू होती, दोन सायकल झाल्या होत्या, तिला सोसवत नव्हतं. “मॅडम, केमो बंद करून पिंपळीचा काढा चालू केला तर चालन का?” मी नाही म्हणाले. काढाही चालू करू नकोस, केमोच्या औषधाशी त्याचं काय होईल ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही नको, असं सांगितलं. तो म्हणाला, “पण पेपरात तर तुमचाच फोटो आहे.” त्यानंतर मी लेखी दिल्याशिवाय कुणाला काही छापू देत नाही.

पुड्या माझ्याकडं आणू नका. जे काही चूर्ण, काढा, कॅप्सूल घेत असाल, ते सगळं गोळ्यांच्या पट्ट्यांसोबत एका पिशवीत घाला आणि पुढच्या तपासणीला डॉक्टरांच्या टेबलावर ओता. त्यांनी विचारलं नाही, तरी ओता.