नुसतं ‘बंद’ म्हटल्यावर गप्प बसू नका

पाचव्या महिन्यात अंगावरून थोडंसं लाल गेलं. आदल्या रात्री आम्ही जवळ आलो होतो, हे डॉक्टरांनी विचारल्यावर मी खरं सांगितलं. सासूबाई शेजारीच बसलेल्या. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलंही नाही, त्यांनाच म्हणाले, “मुलाला सांगा, जरा दम धर म्हणावं. आता सगळं बंद.” किती दिवस आणि कशासाठी, हे मी विचारलं. तोवर पुढची बाई आत आली होती.

घरी आल्यावर माझं अंथरूण सासूबाईंच्या खोलीत गेलं. नवरा तर असा धसकला, की पोटावर हात ठेवायलाही तयार होईना. बाळ आतून हलायचं तेव्हा मी बोलवायची, तो दारातूनच हसायचा. आणि त्याच पावसाळ्यात रोवणीला मला बांधीत उतरवलं. दिवसभर चिखलात ओणवी राहून मी धान रोवलं, त्यात बाळाला धोका आहे असं घरात कुणाला वाटलं नाही. हे मी विसरणार नाही.

पुढं आशाताई मला ९ तारखेच्या तपासणीला प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन गेल्या. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात २०१६ पासून दर महिन्याला ती फुकट होते. तिथल्या मॅडमनी माझ्या पिशवीतला सोनोग्राफीचा कागद काढून वाचला. “वार वरच्या बाजूला आहे. पिशवीचं तोंड बंद आहे. परत लाल गेलं का?” नाही म्हटलं. “मग वेगळं कशाला झोपता?” तो कागद लाल गेलं त्याच आठवड्यातला होता! ज्यांनी बंदी घातली, त्यांच्या टेबलावरूनच तो आमच्या पिशवीत आला होता. मला तिथंच रडू फुटलं, रागानं.

मॅडमनी समजावलं ते असं. या दिवसांत पिशवीच्या तोंडाशी रक्त जास्त खेळतं, म्हणून संबंधानंतर कधी डाग पडतो. तो तपासून घ्यायचाच, पण त्यानं बाळाला इजा झाली असं नसतं. बाळ पाण्याच्या पिशवीत असतं आणि गर्भाशयाचं तोंड घट्ट चिकट स्रावानं बंद असतं. सगळं ठीक असेल तर शेवटच्या महिन्यापर्यंत संबंध चालतात.

बंदी खरोखर लागते ती वार खाली असेल, लाल जात असेल, पाणी गेलं असेल, पिशवीच्या तोंडाला टाका घातला असेल किंवा वेळेआधी कळा येण्याची भीती असेल तेव्हा. म्हणून कुणी बंद म्हटलं की यातलं नेमकं काय आहे ते विचारा, आणि कधीपर्यंत तेही. जवळ झोपणं, अंग चेपून देणं तरी चालेल का, हेसुद्धा स्पष्ट विचारा. आमचं ते सगळं उगाच गेलं. सोनोग्राफीत वार कुठं आहे हे लिहिलेलं असतं, ते वाचून घ्या.

पोट वाढल्यावर कुशीवर बरं पडतं, उताणं फार वेळ राहू नये. संबंधानंतर पोट थोडं कडक होतं, विसावा घेतला की सुटतं. कळा थांबेनात, पाणी किंवा लाल जायला लागलं तर सकाळची वाट पाहू नका, १०८ ला फोन करा. नवरा कामाला बाहेरगावी राहत असेल आणि आजाराची शंका असेल तर निरोध वापरायला लावा, लाजू नका. आणि आपलं मन नसेल तर नाही म्हणायचं, पोटुशी बाईला तेवढा हक्क आहे. बाकी नीट खा, झोप घ्या, एकमेकांशी बोला.

सगळ्यात मोठं म्हणजे आत जाताना नवऱ्याला सोबत न्या. सासूसमोर कुणाच्या तोंडून प्रश्न निघतो? दुसऱ्या खेपेला आम्ही दोघंच आत गेलो, त्यानं स्वतः विचारलं आणि त्याला नीट उत्तर मिळालं. सासूबाई बाहेर बाकावर बसल्या होत्या. त्यांना ते अजून लागून आहे. मलाही पहिल्या खेपेचं लागून आहे.