चकवा, पण फसवू नका!

म्हातारी आणि भोपळ्याची गोष्ट तुम्ही घरी ऐकली असेल. म्हातारी लेकीकडे निघते. जंगलात वाघ तिला खायला येतो. ती त्याला सांगते की मी आत्ता अगदी बारीक आहे. लेकीकडे राहून जाड होऊन येते, मग खा. वाघ थांबतो. आपल्याला वाटतं, परत येताना हिचं काही खरं नाही! पण रस्त्याने येतो एक भला मोठा भोपळा. आणि आत कोण? म्हातारी!

भोपळा आपल्याला सुचला नव्हता, तरी तो पटतो. कारण म्हातारी हुशार आहे, हे जातानाच दिसलं होतं. समजा, गोष्टीच्या शेवटी म्हातारीला जाग आली असती आणि ते सगळं स्वप्न निघालं असतं, तर? आश्चर्य वाटलं असतं, पण 'हे काय, फसवलं की!' असंही वाटलं असतं. म्हणून शेवटाचा धागा आधीच ठेवायचा, पण चटकन दिसणार नाही असा.

नुसतं 'अचानक' लिहून आश्चर्य वाटत नाही. उलट, वाचक सावध होतो. त्यापेक्षा हे वाचा:

जिन्यात मेथीच्या लाडवांचा वास येत होता. दारात कोणीतरी उभं होतं. शेजारी मोठी बॅग होती. पुण्याची आजी! न कळवता आली होती.

'उभा होता' म्हटलं की पुरुष, 'उभी होती' म्हटलं की बाई. पण 'कोणीतरी उभं होतं' या नपुंसकलिंगी रूपातून काहीच कळत नाही. आपण खोटं बोललो नाही, फक्त थोडं लपवलं. आणि धागा? लाडवांचा वास!

आता तुम्ही लिहा

'डबा उघडला, तर आत पोळीभाजी नव्हती. होती एक किल्ली.' इथून पुढे सहा-सात वाक्यं लिहा. मग घरात कोणालातरी वाचून दाखवा. शेवटच्या वाक्याआधी थांबा आणि विचारा, "पुढे काय होईल?"

त्यांनी बरोबर ओळखलं, तर धागा जरा जास्त लपवा. शेवट ऐकून "हे कुठून आलं?" असं म्हणाले, तर धागा ठेवायचा राहिला आहे. आणि "अरेच्चा, खरंच की!" म्हणाले, तर गोष्ट जमली!

शब्दार्थ

काही खरं नाही – आता संकट नक्की येणार
पटणे – बरोबर आहे असं वाटणे
चकवणे – गंमत म्हणून अंदाज चुकवणे
सावध – लक्ष देऊन तयार असलेला